नवव्या पानावरची अंडी

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता दातवाल्या डॉक्टरांनी पोलिसांच्या फायलीचं सील फोडलं, आठ पानं उलटली, आणि नवव्या पानाशी येऊन आ वासला. आयुष्यभर दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या माणसाचा आ बघण्यासारखा होता.

नवव्या पानावर नकाशा असायला हवा होता. तीन आठवड्यांपूर्वी एका शनिवारी पोलिसांच्या दोन गाड्यांनी गोल मंडईभोवतीच्या रस्त्यावर एका पांढऱ्या गाडीचा चौदा मिनिटं पाठलाग केला. पोलीस गाड्या कुठून कुठे गेल्या ते त्यांच्यातलं यंत्र आपोआप कागदावर काढतं. तो कागद म्हणजे पान नऊ. त्याच्या जागी हे होतं:

‘पोलीस कँटीन. सोमवार: ऑम्लेट. मंगळवार: उकडलेली अंडी. बुधवार: ऑम्लेट. गुरुवार: अंडी, हवी तशी. शुक्रवार: अंडी, संपेपर्यंत.’

“हे काय आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“कारकुनी चूक,” ठाणेदारसाहेब शांतपणे म्हणाले. “कँटीनचा कागद नजरचुकीने लागला. नकाशा गहाळ झालाय. शोध चालू आहे.”

“कोण शोधतंय?” ब्रेकबाईंनी विचारलं.

“आम्हीच.”

आमची समिती नागरिकांची. पोलिसांनी कुणाचा पाठलाग केला आणि त्यात कुणाचं हाड मोडलं, तर कुणाचं चुकलं ते बघायचं, एवढंच काम. अधिकार दोन: विचारणं आणि लिहून घेणं. अध्यक्ष दातवाले डॉक्टर, आता निवृत्त. दुसऱ्या ब्रेकबाई. त्या वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय घरी सोफ्यावर बसल्या तरी तोच दाबत असतो. तिसरा मी, ग्रंथपाल. मला घेतलं, कारण बैठकीची खोली माझ्या वाचनालयात आहे. चौथे सदस्य समिती स्थापन झाल्यापासून ‘निघालोच’ म्हणतायत.

समोर बाकावर पाय प्लॅस्टरमध्ये घालून अंडीवाला बसला होता. पोलिसांचं म्हणणं असं, की तो चौदा मिनिटं सुसाट पळाला आणि शेवटी चढाच्या गल्लीत भिंतीवर आदळला. समितीने ‘अहवाल मान्य’ लिहिलं की त्याचं लायसन्स कायमचं जाणार, वर खटला.

“आणि एक विचारू?” ठाणेदार म्हणाले. “सोमवारपासून फाइल कुणाच्या कपाटात होती?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

२

मला घाम फुटला. दहा वर्षांत माझ्या कपाटातून फक्त एक शब्दकोश गेलाय, तोही ‘अ’ ते ‘क’.

“उगाच त्याला घाबरवू नका,” ब्रेकबाई म्हणाल्या. “डॉक्टर, सोमवारी सील तुम्हीच लावलंत ना? तेव्हा पानं किती होती?”

“बारा. मोजली मी.”

“वाचलीत?”

“मोजायची असतात असं नियमात आहे,” डॉक्टर म्हणाले. “वाचायचं काही लिहिलेलं नाही.”

“आत्ताही बाराच आहेत. सील शाबूत. म्हणजे पान पोलीस ठाण्यातच बदललं.” बाईंनी तो कँटीनचा कागद उजेडात धरला. “आणि हे बघा. कोपऱ्यात शाईने नऊ घातलाय. खाली दोन रेघा. बाकीच्या पानांवर एकही रेघ नाही. नजरचुकीने लागलेल्या कागदावर कुणी दोन रेघा मारतं होय?”

ठाणेदारांनी घड्याळात बघितलं. त्यांना बघण्यासारखं तेवढंच होतं.

“चार वाजेपर्यंत वेळ देतो,” डॉक्टर म्हणाले. “चारला मला सही करावी लागेल. आज शेवटची तारीख आहे.”

बाहेर व्हरांड्यात अंडीवाल्याने बाईंना गाठलं. गाडी चालवायला तो त्यांच्याकडेच शिकला होता.

“बाई, माझी गाडी उभी होती हो.”

“माहितेय मला.”

“कसं माहितेय?”

“नाही माहीत. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. नीट सांग.”

“सायरन ऐकला. तुम्हीच शिकवलं होतंत, सायरन ऐकला की बाजूला व्हायचं. म्हटलं, कुणाच्या तरी मागे लागलेत, जाऊ दे बिचाऱ्यांना पुढे. चढाच्या गल्लीत शिरलो, गाडी लावली. तिथे चार डझनाचं गिऱ्हाईक होतंच. दार वाजवतोय, वाजवतोय, कुणी उघडेना. सायरनला घाबरून अख्ख्या गल्लीने कड्या लावलेल्या. दहा-बारा मिनिटं थांबलो. शेवटी ते चार डझन परत ठेवायला मागचं दार उघडलं, आणि धाडकन् कुणीतरी बाजूने ठोकलं. पुढचं हॉस्पिटलातच कळलं.”

“कुणी बघितलं?”

“कड्या लावून कोण बघणार?” त्याने कुबडी भिंतीला टेकवली. “लायसन्स गेलं तर अंडी डोक्यावर घेऊन फिरू का? आणि इमारतीत मला पळपुटा म्हणतात. परवा सासूबाई म्हणाल्या, ‘जावई पळाला ते पळाला, वर सापडलासुद्धा.’”

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चला. गाडीत मागे बसा. आणि काहीही झालं तरी ओरडू नका.”

३

ब्रेकबाईंचं एक म्हणणं आहे. माणसाला गाडी चालवता चालवता खोटं बोलता येत नाही. एकतर खोटं चुकतं, नाहीतर गिअर. म्हणून त्यांनी पहिल्या पोलीस गाडीच्या चालकाला आपल्या शिकाऊ गाडीच्या स्टिअरिंगवर बसवलं आणि त्याच गोल रस्त्यावर घातलं.

ह्या चालकाला ठाण्यात सुसाट म्हणतात. मिशी पण मागे उडाल्यासारखी.

“समोर पांढरी गाडी,” तो सांगू लागला. “मागचा दिवा बंद, म्हणून थांबवायला गेलो. वळणावर जरा दिसेनाशी झाली, परत दिसली. मग काय! मी साठवर, तीही साठवर. चपलांचं दुकान गेलं, घड्याळांचं गेलं, परत चपलांचं. असा ड्रायव्हर मी जन्मात पाहिला नाही, बाई. मी दमून जरा हळू झालो, की तो हरामखोर आणखीच जोरात पळायचा!”

“मंडईभोवती साठ?”

बाईंचा पाय पडला. गाडी जागच्या जागी थांबली. मी ओरडलो नाही, फक्त पुढच्या सीटवर जाऊन आलो.

“परत दिसली तेव्हा दिवा बंद होता का?”

सुसाट थबकला. “एवढं कोण बघतं? पांढरी होती.”

“आणि दुसरी पोलीस गाडी कुठे होती?”

सुसाटने पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकला. गाडी खोकली आणि बंद पडली.

“त्याचं नाव माझ्यासमोर काढू नका.”

“का?”

“माझा मेव्हणा आहे. दोन वर्षं बोलत नाही. घरच्या ग्रुप फोटोत मागे उभा केला म्हणून! अहो, साडेसहा फूट माणूस, त्याला काय मांडीवर बसवू?”

“मग वायरलेसवर?”

“मी कंट्रोलला सांगतो, कंट्रोल त्याला सांगतं. तो कंट्रोलला सांगतो, कंट्रोल मला सांगतं. नियमात बसतं.”

“चौदा मिनिटं एकाच रस्त्यावर होतात. तो एकदाही दिसला नाही?”

“नाही,” सुसाट म्हणाला. “काम करत असता तर दिसला असता.”

 बाई त्या गोल रस्त्याकडे बघत होत्या.

“हा रस्ता एकाच दिशेने जातो, नाही का?” त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. त्यांना एवढा आनंद कशाचा झाला ते मला कळलं नाही.

४

मेव्हणा ठाण्याच्या अंगणात आपली गाडी धूत होता. साधी पांढरी गाडी. ना पट्टा, ना ‘पोलीस’ असं काही लिहिलेलं.

“ठाणेदारसाहेबांचं नवीन पाठलाग पथक,” तो छाती काढून म्हणाला. “दोन गाड्या, एकसारख्या. चोराला पत्ता लागता कामा नये. सायरन आत, दिवे पुढच्या जाळीत लपवलेले.”

“आणि मागे?”

“मागे कशाला? आपण चोराच्या मागे असतो. त्याला आपलं तोंडच दिसणार.”

ब्रेकबाई गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मग पुढे आल्या. मग परत मागे गेल्या.

“त्या शनिवारचं सांगा.”

“कंट्रोलवरून निरोप आला, पांढरी गाडी, गोल रस्ता. मी शिरलो, तर समोरच! पण पठ्ठ्या काय चालवत होता! मध्ये एकदा हळू झाला, म्हटलं आता सापडला, दाबली गाडी. तर परत गेला पुढे.”

“सायरन चालू होता?”

“म्हणजे काय! एवढा घुमत होता की दोन सायरन वाटावेत. मंडईत आवाज घुमतो.”

“तुमचे दाजी दिसले कुठे?”

“ते? ते कुठेतरी चहा पीत असतील.”

“आणि शेवटी?”

मेव्हण्याने फडका पिळला. “माझं इंजिन तापलं. म्हणून चढाच्या गल्लीतून निघून गेलो, दुसऱ्या टोकाने बाहेर. नशीब बघा, अर्ध्या मिनिटात त्याच गल्लीत ह्यांनी चोर पकडला! माझ्यापाठोपाठच आला असणार तो. मी कष्ट केले, नाव दाजींचं. फोटोतसुद्धा असंच झालं होतं.”

“तुम्हाला बहिणी किती?”

“एक. का?”

“सहज,” बाई म्हणाल्या. “कँटीन कुठल्या बाजूला?”

५

“अंड्यांचं नाव काढू नका, बाई,” कँटीनचा आचारी हात जोडून म्हणाला. “तीन आठवडे झाले, शिपाई अजून कोंबडा दिसला तरी रस्ता बदलतात.”

“आली कुठून एवढी?”

“त्या शनिवारी साहेबांनीच पाठवली. छप्पन्न डझन! म्हणाले, खराब व्हायच्या आत संपव. एकाला तडा नव्हता हो. ट्रेवर चिठ्ठ्या पण तशाच: शिंपीणबाई दोन डझन, गॅरेज एक डझन, चष्मेवाले अर्धा.”

ब्रेकबाईंनी मला फाइल उघडायला लावली. पान पाच, पोलिसांचा पंचनामा. मी मोठ्याने वाचलं: “‘आरोपीच्या भीषण वेगामुळे व भिंतीवरील धडकेमुळे वाहनातील साठ डझन अंडी जागीच पूर्णतः नष्ट.’”

“नष्ट झाली की,” आचारी म्हणाला. “पण शुक्रवारपर्यंत लागली.”

आता माझ्याही डोक्यात उजेड पडायला लागला. साठ डझनांतली चार फुटली. चौदा मिनिटं साठच्या वेगाने गोल फिरलेल्या गाडीतून छप्पन्न डझन अंडी धडधाकट उतरत नाहीत. ती अंडी उभ्या गाडीतली होती.

“हा कागद भिंतीवरून कुणी काढून नेला?” बाईंनी विचारलं.

“वायरलेसवाली ताई. परवाच्या रविवारी. मी म्हटलं, घरी लावणार का? तर म्हणाली, फायलीत लावायचाय. मला वाटलं, थट्टा करतेय.” आचाऱ्याने आवाज खाली आणला. “तिला थट्टा करावीच लागते, बाई. नवरा पहिल्या गाडीवर, सख्खा भाऊ दुसऱ्या गाडीवर. दिवसभर दोघांचे निरोप ह्याच्या कानातून त्याच्या कानात.”

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

वायरलेसची खोली माझ्या कपाटाएवढीच. एक पडदा, एक माइक, कानाला यंत्र लावलेली ताई. ब्रेकबाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

“साहेब म्हणाले, नववं पान काढ, पण पानं बारा भरली पाहिजेत,” ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “बारा भरली. कुठलं घालायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.”

“दोन रेघा कशाला?”

“समितीतलं कुणी वाचेल न वाचेल.”

मी माझ्या आणि डॉक्टरांच्या, दोघांच्या वतीने एकट्यानेच खाली बघितलं.

“तुला सगळं दिसत होतं,” बाई म्हणाल्या.

“दोन ठिपके. एक माझा नवरा, एक माझा भाऊ. चौदा मिनिटं एकमेकांच्या मागे. तिसरा ठिपका पडद्यावर येतच नाही, तो पोलिसांचा नाही ना. पहिली फेरी झाली तेव्हा वाटलं, येईल लक्षात. दुसरीला मी सांगितलं, दोघंही थांबा. ह्यांना वाटलं, मी भावाला श्रेय मिळावं म्हणून सांगतेय. भावाला वाटलं, मी नवऱ्याची बाजू घेतेय. दोघांनीही वेग वाढवला.”

“मूळ कागद आहे?”

ताईने ड्रॉवरवर हात ठेवला, पण उघडला नाही. “नोकरी माझी, नवरा माझा, भाऊ माझा. अंडीवाला माझा कोण?”

“कुणीच नाही,” ब्रेकबाई म्हणाल्या. “पण पाय त्याचा मोडलाय. चार वाजता सुनावणी आहे. दाराला कडी नसते.”

आणि निघाल्यासुद्धा. मी जिन्यात त्यांना गाठलं. “अहो, हिसकावून तरी घ्यायचा!”

“हिसकावला की तो चोरीचा कागद. तिने दिला तर पुरावा. आणि एकदा हिसकावला की पुढच्या वेळी आपल्याला पान नऊ कोण पाठवेल?”

७

चार वाजता डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. सुसाट खोलीच्या एका टोकाला, मेव्हणा दुसऱ्या. अंडीवाला मधे.

ब्रेकबाईंनी टेबलावर माझ्या चहाच्या बशीभोवती दोन खडू ठेवले.

“बशी म्हणजे मंडई. हे दोन्ही खडू पोलिसांचे. दोन्ही पांढरे, दिवे फक्त पुढे. मागून बघाल तर साध्या गाड्या. अंडीवाला पहिल्याच वळणावर गल्लीत शिरला, बाजूला व्हायला. तेवढ्यात दुसरी पोलीस गाडी रस्त्यावर आली. सुसाटरावांना पुढे पांढरी गाडी दिसली. ती मेव्हण्याची. मेव्हण्याला पुढे पांढरी गाडी दिसली. ती सुसाटरावांची. रस्ता गोल, दिशा एकच. प्रत्येकजण चोराच्या मागे आणि प्रत्येकजण चोर.” त्यांनी खडू फिरवायला सुरुवात केली. “हे हळू झाले की ते जवळ आले. ते म्हणाले, ‘सापडला’, आणि जोर लावला. ह्यांना वाटलं, चोर आणखी पळाला. दोन सायरन होते, प्रत्येकाला वाटलं आपलाच घुमतोय. शेवटी मेव्हणा इंजिन तापलं म्हणून गल्लीत वळला. सुसाटराव ‘चोरा’मागे वळले, वेगात, आणि उभ्या गाडीवर आदळले. ती भिंतीला जाऊन टेकली. मान वर करून बघतात तर समोर पांढरी गाडी. दोघंही खरंच बोलतायत, डॉक्टर. दोघांनाही माहीत नाही.”

 मग सुसाटने दोन वर्षांत पहिल्यांदा मेव्हण्याकडे तोंड केलं.

“तू होतास पुढे?”

“तुम्ही होतात पुढे,” मेव्हणा म्हणाला. मग हळूच, “चांगली चालवता हो, दाजी.”

“कथा छान आहे,” ठाणेदार म्हणाले. “आमच्या पथकाचं काम बघायला पुढच्या आठवड्यात अकरा ठाण्यांची माणसं येतायत, त्यांनाही ऐकवू. अंडी आम्ही नंतर विकत आणली. खडू म्हणजे पुरावा नाही. डॉक्टर, सही.”

डॉक्टरांनी अंडीवाल्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पेन कागदाला टेकलं.

दार उघडलं. ताई आत आली. नवऱ्याकडे बघितलं नाही, भावाकडे बघितलं नाही. सरळ येऊन घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

“पान नऊ,” ती म्हणाली. “साहेबांच्या सांगण्यावरून मी काढलं होतं. हे लिहून घ्या. सही करते.”

कागदावर एक लाल रेघ होती आणि एक निळी. गोल, गोल, गोल. एकोणीस फेऱ्या. एवढ्या, की मंडईच्या जागी जाड कडं तयार झालं होतं. शेवटी दोन्ही रेघा एका गल्लीत शिरल्या होत्या. निळी पलीकडून बाहेर पडली होती. लाल मधेच थांबली होती.

डॉक्टर नेहमी दात उपटायच्या आधी जसं म्हणायचे, तसं मऊ आवाजात ठाणेदारांना म्हणाले, “आता थोडं दुखेल.”

ठाणेदार खुर्चीत खचले. “मी नंतर नकाशा बघितला. तोवर गुन्हा दाखल झाला होता. मला वाटलं, एका माणसाचं लायसन्स जाईल, पण पथक वाचेल. लोक हसले असते हो आम्हाला.”

“हसण्याने पाय मोडत नाही,” बाई म्हणाल्या. “गुन्हा मागे घेतल्याचं पत्र आत्ता इथे लिहा. आमच्यासमोर.”

ठाणेदारांनी कागद ओढला. लिहिता लिहिता वाचत गेले: “‘सदर इसम पळाला नव्हता, असे निदर्शनास...’”

“साहेब, थांबा,” अंडीवाला म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. “‘पळाला नव्हता’ नको. माणूस पळाला नव्हता असं वाचलं की लोक म्हणतात, मग पळायचा विचार होता वाटतं. माझ्या सासूबाई तर नक्कीच म्हणतील. ‘उभा होता’ लिहा.”

ठाणेदारांनी खोडलं. ‘सदर इसम उभा होता.’

“कशाला ते पण लिहा.”

‘पोलिसांना वाट देण्यासाठी.’

“आणि चौदा मिनिटं पळत कोण होतं?”

ठाणेदारांचं पेन हवेत थांबलं. सुसाट आणि मेव्हणा दोघंही खिडकीबाहेर एकाच झाडाकडे बघायला लागले. ताई मात्र पेनाकडे बघत होती. डॉक्टरही. मी इतिवृत्ताच्या वहीत ‘उत्तराची वाट बघत आहोत’ असं लिहिलं, वेळ घातली.

चार वाजून बावीस मिनिटांनी ठाणेदारांनी वाकून एक शब्द लिहिला आणि कागद अंडीवाल्याकडे सरकवला. त्याने तो दोनदा वाचला, कुबडी उचलली आणि सासूबाईंना फोन लावायला बाहेर गेला.

तो शब्द होता ‘आम्ही’.